बेचाळीस प्रती, पाठपोट

चूक सागरची. सागर म्हणजे हे लिहिणाराच. पण स्वतःच्या गाढवपणाबद्दल लिहायची वेळ आली की माणसाला तृतीयपुरुष बरा पडतो. शिवाय गोष्ट त्याची नाही, एस्तेरबाईंची आहे. तेव्हा सागरला सुरुवातीलाच उभं करू, काय झापायचं ते झापू आणि परत त्याच्या मशीनमागे बसवू.

सागरचं रत्नागिरीत झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. सप्टेंबरातल्या एका शनिवारी एस्तेर सातपुते बाई तिथे आल्या. बाई एकसष्ट वर्षांच्या. तेहेतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या, आता घरी दहावीचा क्लास घेतात. आणि शाळेत लागायच्याही आधीपासून चर्चमध्ये संडे स्कूल चालवतात; म्हणजे रविवारची उपासना सुरू व्हायच्या आधी तासभर मंडळीतल्या पोरांना बायबलातल्या गोष्टी, गाणी आणि शिस्त शिकवतात. शिस्त जास्त.

बाईंनी पिशवीतून एक फुलस्केप कागद काढला. कागदाच्या दोन्ही बाजू त्यांच्या बारीक अक्षरांनी भरलेल्या. बाई कागदाची पाठ कधी कोरी सोडत नाहीत. त्यांच्या घरी कॅलेंडरच्या पाठीवर किराणा असतो आणि लग्नपत्रिकांच्या पाठीवर समीकरणं.

"पुढची बाजू संडे स्कूलची, बेचाळीस. मागची क्लासची, एकोणीस. उद्या साडेआठला चर्चमध्ये आणून दे, गठ्ठे बांधून."

"हो बाई."

"ऐकलंस का काय सांगितलं?"

"हो बाई," सागर म्हणाला. दहावीतही तो असंच म्हणायचा.

त्या दिवशी चारला गेलेली लाइट सातला आली. सागरने घाईघाईत दोन्ही बाजू टाइप केल्या, दोन्हींवर 'गुण २०' आणि दोन्हींखाली 'ए. वाय. सातपुते' पाहिलं, बेचाळीस आणि एकोणीस एकसष्ट अशी बेरीज केली आणि एकसष्टच्या एकसष्ट प्रती पाठपोट छापल्या. बेरीज बरोबर होती, एवढंच त्याच्या बाजूने म्हणता येईल.

आता त्या कागदाच्या पुढच्या बाजूला प्रश्न होता, 'देवाने सहा दिवसांत काय काय निर्माण केले ते क्रमाने लिहा.' आणि मागच्या बाजूला, 'मानवी उत्क्रांतीचे टप्पे क्रमाने लिहा.'

रविवारी पेपर वाटले मोठ्या मुलींनी. बाई तेव्हा पेटीच्या फाटलेल्या भात्याला चिकटपट्टी लावत बसल्या होत्या. दहा मिनिटांनी एक पोर म्हणालं, "बाई, मागचं पण सोडवायचं?"

बाईंनी कागद उलटला. त्यांना सगळं कळलं. "मागचं सोडून द्या," असं त्या म्हणाल्या असत्या तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्यांच्यातली शिक्षिका नको तेव्हा जागी झाली. या पोरांनी यातलं कधी काही वाचलेलं नाही. बघू तर खरं, काय लिहितात.

"येईल तेवढं लिहा," बाई म्हणाल्या.

म्हणजे चूक सागरची, पण सगळी त्याचीच नाही. हे बाईंनी पुढे स्वतः कबूल केलं, नाहीतर लिहायची त्याची छाती नव्हती.

पोरांनी लिहिलं. 'अवशेषांगे (म्हणजे शरीरात उरलेले, आता उपयोग नसलेले अवयव) म्हणजे काय?' याला एकाने उत्तर दिलं, 'माहीत नाही, पण देवाने चांगलीच केली असतील.' आणि चौथीतल्या तेजस्वी साळवीने मानवी उत्क्रांतीचे टप्पे असे मांडले: 'एक, माती. दोन, आदाम. तीन, हव्वा. चार, नोहा. पाच, आमचे आजोबा. सहा, पप्पा. सात, मी.'

घरी पेपर तपासताना बाई या उत्तरावर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग लाल पेनाने पाचपैकी पाच दिले आणि खाली शेरा लिहिला, 'छान. मधले काही टप्पे राहिले आहेत.'

पुढच्या रविवारी पेपर घरोघर गेले. संध्याकाळपर्यंत त्या शेऱ्याचा फोटो मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होता. सोमवारी सकाळी तेजस्वीचे आजोबा, म्हणजेच पाचवा टप्पा, बाईंच्या पडवीत उभे होते.

दानियेल साळवी हे चर्च कमिटीचे सेक्रेटरी. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी नऊची उपासना नऊला सुटली नाही तर त्यांचा हात शिट्टी शोधतो.

"काय गो एस्तेर, हे मधले टप्पे कुठले?"

"बसा दानियेलभाऊ. चहा टाकते."

"चहा नको. माती आणि आदाम यांच्या मधे कोण आहे, तेवढं सांग."

"गंमत होती हो ती. झेरॉक्सवाल्याने दहावीचा पेपर मागे छापला."

"आणि पाचपैकी पाच? ते झेरॉक्सवाल्याने दिले?"

बाई चहा टाकायला वळल्या.

"उत्क्रांती म्हणजे वांदरच ना शेवटी? माझी नात चर्चच्या बाकावर बसून वांदराचा पेपर सोडवते आणि तू वर तिला शाबासकी देतेस."

इथे सांगायला हवं की दानियेलभाऊंचं वांदरांशी जुनं वैर आहे. त्यांच्या बागेत बावीस माड आहेत आणि वांदरांची एक टोळी आठवड्यातून दोनदा येऊन कोवळी शहाळी तोडून खाली फेकते. खाते थोडी, फेकते फार. फटाके झाले, गलोल झाली, वनखात्याला सात अर्ज झाले.

"परवा चाळीस शहाळी पाडलीनी मेल्यांनी," दानियेलभाऊ म्हणाले. "आणि तू म्हणतेस ते माझे चुलतभाऊ."

"मी कुठे म्हणते? पुस्तकसुद्धा तसं म्हणत नाही. माणूस आजच्या माकडापासून झालेला नाही. दोघांचा पूर्वज एक होता, कोट्यवधी वर्षांमागे..."

"मग चुलतभाऊच झाला की!"

नात्याच्या हिशोबाने दानियेलभाऊंचं बरोबर होतं, आणि बाईंना नेमका त्याचाच राग आला.

दानियेलभाऊ भांडायला आले नव्हते. ते आपल्या परीने तोडगा घेऊन आले होते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, उपासनेनंतर सूचना वाचतात त्या वेळी, बाईंनी उभं राहून सांगायचं की, क्लासमध्ये मी जे शिकवते ते बोर्डाच्या मार्कांसाठी शिकवते, माझा स्वतःचा त्यावर विश्वास नाही. "अर्धं मिनिट लागेल. विषय मिटला. मी स्वतः ग्रुपवरचा फोटो काढायला लावतो."

"आणि नाही सांगितलं तर?"

दानियेलभाऊंनी पडवीच्या खांबाकडे बघितलं. "मग संडे स्कूल दुसऱ्या कुणाकडे द्यावं लागेल. मला आवडेल का ते? माझी पोरं तुझ्याच हाताखाली शिकली. पण कमिटी म्हणते."

कमिटीत पाच जण होते. त्यांतले तीन दानियेलभाऊच म्हणतील तसं म्हणत.

इकडे क्लासच्या एकोणीस जणांनाही मागच्या पानावर उत्पत्तीची गोष्ट मिळाली होती. एका आईने फोन करून विचारलं, मागचे प्रश्न बोर्डाला येतात का, म्हणजे तयारी करून घेता येईल. एका वडिलांनी काहीच विचारलं नाही. मुलाला क्लासमधून काढलं आणि चार लोकांत सांगितलं की बाई विज्ञानाच्या नावाखाली भलतंच शिकवतात. एकाच आठवड्यात बाई चर्चमध्ये अश्रद्ध ठरल्या आणि आळीत धर्मप्रचारक. कागद तोच.

बाईंना संताप आला तो या गोष्टीचा की एकसष्टाव्या वर्षी त्यांना पुन्हा तेच विचारलं जात होतं जे एकोणिसाव्या वर्षी विचारून झालं होतं.

त्यांचे वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. दवाखान्यात एक पितळी मायक्रोस्कोप होता. सात वर्षांच्या एस्तेरला वडिलांनी स्टुलावर उभं केलं आणि विहिरीच्या पाण्याचा थेंब दाखवला. थेंबात काहीतरी वळवळत होतं.

"हे कुणी केलं, बाबा?"

"देवाने."

"कसं केलं?"

"ते तू शीक आणि मला येऊन सांग."

तेव्हा देव आणि मायक्रोस्कोप बाईंच्या डोक्यात एकाच स्टुलावरून शिरले. ती दोन वेगवेगळी घरं आहेत आणि एकात राहायचं तर दुसऱ्याला कुलूप लावावं लागतं, हे त्यांना पुढे लोकांनी सांगितलं. कॉलेजात प्राध्यापक उत्क्रांती शिकवताना मध्येच थांबून म्हणाले, "सातपुते, तुमच्या भावना दुखावत नाहीत ना?" वर्ग हसला. त्याच रविवारी चर्चमध्ये तेव्हाचे पाळक म्हणाले, "आपल्यातली एक मुलगी कॉलेजात माकडांचा अभ्यास करते म्हणे." मंडळी हसली. दोन्हीकडचं हसू अगदी एकसारखं होतं, असं बाई सांगतात. डोळे मिटून ऐकलं असतं तर कुठलं कुठचं ते कळलं नसतं.

मग शाळा. दरवर्षी तो धडा आला की एखादं कार्टं उभं राहायचंच. "बाई, तुम्ही तर ख्रिश्चन ना? मग तुम्ही हे कसं काय शिकवता?" सागरच्या वर्षी हे कुणी विचारलं ते सांगायला नको. बाईंनी त्याला उभाच ठेवला.

"तुमच्या दारातला हापूस कुणी केला रे?"

"आजोबांनी कलम बांधलं, बाई."

"मुळं, पानं, मोहोर? तेही आजोबांनी बसून चिकटवलं?"

"नाही बाई, ते आपोआप आलं."

"मग खोटं कोण बोलतंय? आजोबा की झाड?"

"कुणीच नाही, बाई."

"बस खाली."

वर्गाला एवढं पुरलं. बाईंना ते कधीच पुरलं नव्हतं, पण ते वर्गात सांगायचं नसतं.

आता संडे स्कूल गेल्याने बाईंचं असं काय जाणार होतं, ते सांगायला हवं. गाणी, परीक्षा, नाताळचं नाटक हे दुसरं कुणीही करून घेईल. पण बाईंचा एक रिवाज होता. दर डिसेंबरात, नाताळाआधीच्या शनिवारी, त्या सगळ्या पोरांना गाडीत कोंबून लांज्याकडच्या एका सड्यावर न्यायच्या. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं उघडं, सपाट रान. तिथे कातळात कोरलेला एक माणूस आहे. आठ हात लांब, दोन्ही हात पसरलेले, उजवं पाऊल पुरतं आणि डावं अर्धंच. कुणी कोरला, माहीत नाही. जाणकार कुणी दहा हजार वर्षं म्हणतात, कुणी त्याहून जास्त. बाई पोरांना त्या माणसाभोवती गोल बसवायच्या आणि सृष्टीच्या आरंभाची गोष्ट वाचून दाखवायच्या. मग पुस्तक मिटून एकच वाक्य म्हणायच्या: "या माणसाचं नाव आपल्याला माहीत नाही, पण देवाला माहीत आहे." मग डबे उघडायचे. एखादं पोर हळूच त्या अर्ध्या पावलात आपलं पाऊल ठेवून बघायचं.

त्यांनी चाळीस वर्षांत उत्क्रांती आणि देव यांच्याबद्दल चर्चच्या पोरांना सांगितलं ते एवढंच. आणि तेवढंच त्यांच्यानंतर दुसरं कुणी सांगणार नव्हतं.

ऑक्टोबरात बाई त्या सड्यावर जाऊन आल्या. तिथला मालक महिपत म्हणून एक शेतकरी; सहलीआधी चित्रावरचं गवत तो कापून ठेवतो, त्याला दरवर्षी आठवण द्यावी लागते.

"ये बाय. औंदा किती पोरां?"

"यंदा नक्की नाही, महिपत. मला आणू देतात की नाही तेच ठरायचंय."

"कोन देत नाय?"

बाईंनी थोडक्यात सांगितलं. महिपतला मधल्या टप्प्यांत रस नव्हता. तो कातळावरच्या माणसाकडे बघून म्हणाला, "त्यात भांडायचा काय? ह्यो पांडवांनी काढलानी. एका रातीत."

"एवढा मोठा? एका रात्रीत?"

"मंग! उजाडला म्हनून त्यो पाय ऱ्हायला."

बाई एकदम चिडल्या. महिपतवर नाही, पण समोर तोच होता. "सगळ्यांनाच कशी रे घाई? कुणाचं एका रात्रीत, कुणाचं सहा दिवसांत. करणाऱ्याने सावकाश केलं तर काय कमीपणा येतो त्याला?"

महिपतने विळा खाली ठेवला. "सावकाश करनाऱ्याचा दिसत नाय ना, बाय. लोक म्हनतात, हितं कामाला कोन न्हायच."

बाई परतीच्या एसटीत लांज्यापासून रत्नागिरीपर्यंत या वाक्यावर धुसफुसत राहिल्या. तेहेतीस वर्षांत त्यांना इतकं नेमकं मांडता आलं नव्हतं, आणि महिपतला त्याची काही पडलेलीही नव्हती.

शेवटच्या रविवारच्या तीन दिवस आधी पाळकसाहेब आले. रेव्हरंड रणभिसे, नगरकडचे, बत्तीस वर्षांचे, येऊन दीड वर्ष झालेलं. चहाचा कप हातात घेऊन ते बराच वेळ बाईंच्या कुंड्यांचं कौतुक करत राहिले.

"पाळकसाहेब, कुंड्या बघायला आलात का?"

"नाही बाई." त्यांनी कप ठेवला. "मला सेमिनरीत, पाळक होताना, हेच शिकवलंय. तुम्ही म्हणता तेच. बायबल सांगतं ते हे, की सगळं कुणी आणि कशासाठी केलं. किती दिवस लागले त्याचा तो अहवाल नव्हे."

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. "मग रविवारी तुम्ही बोला ना. मी कशाला? तुमचं ऐकतील."

"मंडळी चाळीस घरांची. त्यातली चौदा दानियेलभाऊंच्या नात्यात."

"म्हणजे खरं काय ते घरं मोजून ठरवायचं?"

पाळक लाल झाले. माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, "एक विचारू? भांडण म्हणून नाही, मला स्वतःला छळतं म्हणून. मरण पापामुळे जगात आलं असं आपण मानतो. मग माणूस व्हायच्या आधी लाखो वर्षं जनावरं जगली, एकमेकांना खाल्लं, मेली. ती कुणाच्या पापाने मेली?"

रस्त्यावरून मासळीवाली ओरडत गेली, तिचा आवाज वळणावर विरला.

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. "एकोणिसाव्या वर्षी माहीत नव्हतं आणि आजही नाही. मधे काही वर्षं मी म्हणायचे, जनावरांचं मरण शरीराचं, पापाचं मरण आत्म्याचं. रविवारी पटायचं. सोमवारी वर्गात सांगाड्याचं चित्र काढलं की नाही पटायचं."

"मलाही नाही पटत."

"मग निदान एवढं तरी दोघं मिळून सांगू ना. की आम्हाला हे कळलेलं नाही."

"बाई," पाळक हळू म्हणाले, "ते सांगायला तर आणखी धीर लागतो."

बाईंचा बांध फुटला. "अहो, उत्तर सापडत नाही हे माझं दुखणं नाहीच. विज्ञानात तरी कुठे सगळी सापडतात? दुखणं हे, की शोधायला सोबत कुणी येत नाही. तिकडचे म्हणतात, बाई, देव सोडा, सोपं होईल. इकडचे म्हणतात, विज्ञान सोडा, सोपं होईल. मला सोपं नकोच आहे हो! मला खरं हवंय. आणि तुम्ही, ज्यांना कळतं, ते माझ्या कुंड्या बघता."

पाळकांचा चहा तसाच राहिला. बाईंनी तो कुंडीत ओतला.

शेवटचा रविवार आला. दानियेलभाऊंनी निवेदन टाइप करून घेतलं होतं. कुठल्या दुकानात, ते विचारू नका. या वेळी एकाच बाजूला छापलं होतं.

सूचना झाल्या. लग्नाची एक, चर्चच्या छपराच्या गळतीची एक. मग दानियेलभाऊ म्हणाले, "एस्तेरबाईंना दोन शब्द बोलायचे आहेत," आणि घड्याळ बघितलं.

बाई उभ्या राहिल्या. हातात ती चिठ्ठी होती. त्यांनी ती सवयीने उलटून पाहिली, मागे काही आहे का म्हणून. मागे कोरं होतं.

"हे मला वाचायला दिलंय. मी वाचणार नाही. यात लिहिलंय ते खरं नाही, आणि ही जागा खोटं बोलायची नाही. मी उत्क्रांती मार्कांसाठी शिकवत नाही, मला ती खरी वाटते म्हणून शिकवते. देवाने मला केलं असं म्हणते, तेही सवयीने म्हणत नाही. खरं वाटतं म्हणून म्हणते. ही दोन्ही काही ठिकाणी छान जुळतात. काही ठिकाणी नाही जुळत. तिथे मी वाचते, आणि वाचून संपलं की प्रार्थना करते. चाळीस वर्षं हेच चाललंय. एवढंच सांगायचं होतं."

त्या बसल्या. बाईंना वाटलं होतं कुणीतरी उठेल, रागावेल, निदान काही विचारेल. पंखा तेवढा फिरत होता. पाळकसाहेब गीतांच्या पुस्तकात पान शोधत होते, जे आधीच उघडलेलं होतं. दानियेलभाऊ म्हणाले, "शेवटचं गीत."

बाहेर चपला घालताना मालन म्हणून मंडळीतली एक बाई जवळ आली आणि बाईंचा हात धरून म्हणाली, "छान बोललात हो बाई. पण ते माकडांचं काही मला पटलं नाही."

"मी माकड हा शब्द तरी काढला का गं, मालन?"

"नाही काढलात. पण असतंच ना ते त्यात."

आठवड्याने कमिटीचं पत्र आलं. मसुदा पाळकसाहेबांचा होता आणि मधला मार्ग काढल्याचं समाधान त्यातल्या प्रत्येक ओळीत दिसत होतं. एस्तेरबाईंच्या दीर्घ सेवेचा आदर राखून कमिटी ठरवते की त्यांनी संडे स्कूल पूर्ववत चालवावं. मात्र त्यांनी निर्गमापासून, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या पुस्तकापासून, पुढे शिकवावं. उत्पत्ती हे पहिलं पुस्तक यापुढे श्री. दानियेल साळवी शिकवतील. सड्यावरची सहल यंदा स्थगित.

म्हणजे मोशे त्यांचा, त्याने दुभंगलेला समुद्र त्यांचा, येशूसुद्धा त्यांचा. फक्त सुरुवात त्यांची नाही.

बाई राजीनामा देतील असं सगळ्यांना वाटलं. दिला नाही. "राग माझा, तो पोरांनी का भोगायचा?" म्हणाल्या आणि पेटीच्या भात्याला नवी चिकटपट्टी लावली.

पुढच्या रविवारी दानियेलभाऊंनी उत्पत्ती शिकवायला घेतली. बाई मागच्या बाकावर हजेरी लिहीत होत्या. आदाम झाला, हव्वा झाली, त्यांचे मुलगे काइन आणि हाबेल झाले. काइन घर सोडून गेला आणि त्याने बायको केली, इथवर गाडी वेळेत चालली होती. मग तेजस्वीने हात वर केला.

"आजोबा, तेव्हा तर चारच माणसं होती ना? मग त्याची बायको कुठून आली?"

दानियेलभाऊंनी पुस्तकात पाहिलं. पुस्तकात तिचा पत्ता दिलेला नव्हता. त्यांनी घड्याळात पाहिलं. अजून पंचवीस मिनिटं होती.

"हे तू बाईंना विचार," ते म्हणाले.

सगळी पोरं मागे वळली. बाईंनी पेन खाली ठेवलं. तोंडापर्यंत काहीतरी आलं होतं. मग त्यांना पत्रातली ओळ आठवली.

"माझं निर्गमापासून आहे," बाई म्हणाल्या आणि पुन्हा हजेरी लिहायला लागल्या. त्या दिवशी त्यांनी दोन पोरांची हजेरी एकाच नावावर लावली.

नोव्हेंबरात त्या पुन्हा सागरच्या दुकानात आल्या. मोशेवरची प्रश्नपत्रिका होती, बेचाळीस प्रती. सागरने सवयीने कागद उलटला. पाठ कोरी होती.

"कोरी आहे," बाई म्हणाल्या. "नीट बघून घे. आता तेवढंच राहिलंय."

सागरने कपाटातून एक पिशवी काढली. सप्टेंबरातले दोन्ही पेपर त्याने पुन्हा छापून ठेवले होते, चांगल्या कागदावर. बेचाळीसचा एक गठ्ठा, एकोणीसचा एक, दोन्ही वेगळे, दोन्हींना वेगळ्या रंगाचा दोरा. "बाई, तुमच्या त्या प्रती. घ्या. माझ्याकडून."

बाईंनी एक गठ्ठा उलटून पाहिला, मग दुसरा.

"वेगवेगळे केलेस?"

"हो बाई. मागच्या वेळी चुकलं होतं ना."

"तुला कुणी सांगितलं वेगवेगळे कर म्हणून?" बाईंचा आवाज इतका चढला की बाजूचं आधारकार्डवालं गिऱ्हाईक दचकलं. "दानियेलभाऊंनी? कमिटीने? उठतो तो मला दोन गठ्ठे बांधून देतो! हे घाल रद्दीत."

"बाई, मग... माझं देणं?"

"ते आहेच. बेचाळीस प्रती, पाठपोट. होत्या तशा."

"कधी देऊ?"

"मी मागेन तेव्हा. सड्यावर जाताना." त्यांनी मशीनमधून आलेल्या मोशेच्या प्रती पिशवीत कोंबल्या आणि दुकानाची पायरी उतरता उतरता वळून म्हणाल्या, "आणि अवशेषांगेमधला श त्या वेळी फिकट आला होता. तो नीट कर."

नाताळ होऊन गेला. महिपतने गवत कापून ठेवलं होतं म्हणे. पावसाळ्यात ते पुन्हा गुडघाभर वाढलं. सागरने श नीट केला आहे, कागदही बाजूला काढून ठेवला आहे. बाई अजून मागायला आलेल्या नाहीत.